उजवा रकाना

४ मार्च, मंगळवार

आजपासून दोन वह्या. एक डॉक्टरबाईंसाठी आणि ही माझी मला.

बाईंनी आज धाकट्याचा अहवाल हातात दिला. धाकटा म्हणजे माझा भाऊ. एकेचाळीस वर्षांचा आहे, पण दोनच भावंडं असली की धाकटा कायमचा धाकटाच राहतो. तपासणीला तो स्वतःहून गेला होता, मला नंतर कळलं. अहवालात ऑटिझम असं लिहिलंय. बाई म्हणाल्या, हा आजार नाही, घडण आहे. मी मान हलवली. सगळं समजल्यासारखी मान हलवायची मला सवय आहे, हेही इथे लिहून ठेवते.

घरी येऊन एका वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली. ‘समोरच्याच्या मनात काय चाललं असेल याचा अंदाज बांधणं यांना जड जातं.’ वाचून रडू आलं. इतकी वर्षं बिचारा आमच्यात वावरला आणि आमच्या कोणाच्याच मनातलं त्याला कळलं नसणार.

अहवाल वाचून तो स्वतः एवढंच म्हणाला, “पान चारवर माझी जन्मतारीख चुकली आहे.”

बाईंनी एका कोऱ्या वहीत मधोमध रेघ मारून दिली. डावीकडे तो काय बोलला, काय केलं, तेवढंच. उजवीकडे त्याला तेव्हा काय वाटलं. “उजवा रकाना त्यांनाच विचारून भरायचा,” असं त्या दोनदा म्हणाल्या. पण ज्याला स्वतःच्या मनातलंही नीट सांगता येत नाही त्याला विचारून काय भरणार? मी जमेल तसा भरीन. माणसं ओळखायचंच तर माझं काम आहे.

म्हणजे मी लिफ्टच्या कंपनीत आहे. लिफ्ट अडकली की आतला माणूस लाल बटण दाबतो आणि त्याला जो आवाज ऐकू येतो तो माझा. मिस्त्री पोचेपर्यंत धीर देत बोलत राहायचं. सतरा वर्षं झाली. नुसत्या श्वासावरून सांगते, माणूस घाबरलाय की चिडलाय. निदान सांगता येतं असं मला वाटतं. पडताळून कोणी बघितलंय?

६ मार्च, गुरुवार

कामावरून परस्पर धाकट्याकडे गेले. आई नोव्हेंबरात गेल्यापासून तो त्या जागेत एकटा राहतो. घरमालकीणबाईंना या महिनाअखेरीस सांगायचंय, तो राहणार की जागा सोडणार. भाडेपत्र आईच्या आणि माझ्या नावाने असल्यामुळे त्या मलाच विचारतात. मी मनात ठरवून टाकलंय. लेक शिकायला परगावी गेल्यापासून तिची खोली रिकामीच आहे. लेकीचे बाबा सहा वर्षांपूर्वीच वेगळे राहायला गेले. त्याने मला काही फरक पडलेला नाही. जागा भरपूर आहे, एवढाच मुद्दा.

सव्वासात वाजता तो जेवायला बसला. एक ताटली, एक कप, दोन उकडलेली अंडी, पाव. मला म्हणाला, “तू सांगितलं नव्हतंस येणार म्हणून. अंडी दोनच आहेत.” मी म्हटलं, मला भूक नाही. त्यावर त्याने दोन्ही खाल्ली. मला भूक होती. पण त्याला कसं कळणार?

आईच्या खुर्चीवर त्याने टेबलावरचा दिवा आणून ठेवलाय. बघून गलबलून आलं. उजव्या रकान्यात लिहिलं, ‘आईची रिकामी खुर्ची बघवत नाही.’ खाली लिहिलं, ‘जेवताना समोर कोणी नसतं, घास उतरत नसेल.’

मागचंही आठवेल तसं लिहितेय. आई गेली त्या दिवशी आम्ही सगळे बाहेर बसून रडत होतो आणि हा दवाखान्याच्या खिडकीपाशी उभा राहून तिची कवळी मागत होता. त्यानेच बनवली होती ती, दंतवैद्यांसाठी दात घडवणाऱ्या कारखान्यात काम करतो. खिडकीतला माणूस म्हणाला, अहो, नंतर बघू. हा म्हणाला, “नंतर नाही, आता.” तीन वेळा. आत्या माझ्या कानात म्हणाली, “हा माणूस आहे की कपाट?” मी तिला गप्प केलं, पण मनात मलाही तेच आलं होतं. उजवीकडे काय लिहावं कळेना. शेवटी लिहिलं, ‘दुःख कशाला म्हणतात ते पोचलंच नाही.’ लिहिल्यावर फार कठोर वाटलं. खोडलं मात्र नाही.

९ मार्च, रविवार

धाकट्याला खोली दाखवायला बोलावलं. आठवडाभर खपून आवरली होती, निळे पडदे लावले, पलंग भिंतीकडून खिडकीपाशी सरकवला. तो दारात उभा राहिला. आत पाऊल टाकेना. घड्याळ बघितलं नाही, पण चार मिनिटं सहज गेली असतील.

“आवडली का?”

“खोली चांगली आहे.”

“मग येशील ना राहायला?”

“तुला काय हवंय?”

“माझं काय घेऊन बसलास! तुला बरं वाटावं, एवढंच.”

“मला बरं वाटतंय.”

“अरे सोन्या, आत्ताचं नाही म्हणत मी.”

“मी एकेचाळीस वर्षांचा आहे.”

मी कपाळाला हात लावला. त्याला हसू आलं की काय असं वाटलं, पण ते दाढ दुखत असल्यामुळे ओठ वाकडा झाला असेल. दुसऱ्यांचे दात घडवतो, स्वतःचे दाखवत नाही. उजवीकडे लिहिलं, ‘खोली बघून भारावला. शब्द सुचेनात.’ खाली, ‘दाढ दुखते आहे.’

संध्याकाळी तो गेल्यावर मी बराच वेळ त्या पलंगावर बसून होते. कशासाठी, सांगता येत नाही.

१७ मार्च, सोमवार

आज जे झालं ते नीट क्रमाने लिहिते, कारण मी चूक केली की बरोबर हे मला अजून ठरवता येत नाही.

सुट्टी होती, म्हणून दुपारी धाकट्याच्या कारखान्यात गेले. कारखाना म्हणजे एक लांब खोली, सहा टेबलं, प्रत्येकावर छोटी ज्योत, मेण, बारीक सुऱ्या, आणि साच्यांमध्ये ओळीने लोकांचे जबडे. धाकटा एका पुढच्या दाताला रंग देत होता. तीन तऱ्हेचे पांढरे रंग एका दातात. डोकं वर न करता म्हणाला, “अकरा मिनिटं थांब.” थांबले.

मग जेवणाची सुट्टी झाली. साचे ओतणाऱ्या एक काकू आहेत, भुवयांपर्यंत पांढरी भुकटी. त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “काय हो साहेब, आज डब्यात काय विशेष?”

“अंडं आणि पाव.”

“अरे वा! आणि शनिवारी काय होतं?”

“अंडं आणि पाव.”

“आणि उद्या?”

“उद्याचं उद्या सांगतो.”

सगळी खोली हसली. मालकसुद्धा. आणि त्यांच्याबरोबर हाही हसला! आपल्यालाच हसताहेत हे त्याला कळतही नाही, हे डोळ्यांदेखत बघणं फार वाईट.

निघताना मी काकूंना दाराबाहेर बोलावलं. शक्य तितक्या सौम्यपणे म्हटलं, “तुम्ही मनाने चांगल्या आहात, पण त्याला असं हसत जाऊ नका. त्याला कळत नाही. डॉक्टरांचा तसा अहवालच आहे.” काकूंचा चेहरा एकदम उतरला. “अहो ताई, आम्हाला काहीच माहीत नव्हतं,” म्हणाल्या. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. भुकटी माझ्या हाताला लागली.

घरी येईपर्यंत वाटत होतं, बहीण म्हणून कर्तव्य केलं. आता लिहिताना वाटतंय की अहवालाचं बोलायला नको होतं. पण त्याशिवाय त्यांना पटलं कसं असतं?

२० मार्च, गुरुवार

धाकट्याचा फोन. तो स्वतःहून फोन करत नाही, म्हणून नाव बघूनच धस्स झालं.

“ताई, काकूंना तू काय सांगितलंस ते शब्दशः सांग.”

सांगितलं. शब्दशः. लिफ्टमधली माणसं गप्प झाली की मी लगेच बोलते, तशीच बोलत सुटले. तुझ्या भल्यासाठीच, मला बघवलं नाही, वगैरे.

“तीन दिवस कोणी डब्याचं विचारलं नाही,” तो म्हणाला. “मालक माझ्याशी हळू बोलतात. एकेक शब्द सुटा करून.”

“अरे, काळजीपोटी बोलत असतील.”

“मला काळजीचं बोलणं नको. डब्याचं हवं.”

“पण ते तुला हसतात रे!”

“काकू रोज विचारतात, मी रोज सांगतो. सहा वर्षं झाली. तो आमचा विनोद आहे.” मग, “आणि अहवाल माझा होता.”

फोन ठेवला. त्याच्या आवाजात राग होता का? मला ओळखता आलं नाही. सतरा वर्षं आवाज ओळखणारी मी, आणि माझ्या भावाचा आवाज मला सपाट पाटीसारखा ऐकू येतो. राग असेल तर मी काय करू, नसेल तर काय करू?

उजवा रकाना आज कोरा.

२१ मार्च, शुक्रवार

काकूंची क्षमा मागायला जावं असं दिवसभर वाटत होतं. पण जाऊन पुन्हा काहीतरी भलतंच बोलले तर? संध्याकाळी धीर करून धाकट्याला फोन लावला.

“मी सांगितलं सगळ्यांना,” तो म्हणाला. “म्हटलं, माझ्या ताईला आपला विनोद कळला नाही. परत सुरू करा.”

“असं सगळ्यांसमोर?”

“सगळ्यांनीच बंद केला होता.”

“मग आज विचारलं?”

“विचारलं. पण काकू आधी रडल्या. का ते मला कळलं नाही, म्हणून विचारलं. त्यांनी सांगितलं.”

“काय सांगितलं?”

“ते त्यांचं आहे.”

मला तोंडात मारल्यासारखं झालं. त्याने मुद्दाम टोमणा मारला की नुसतं सांगितलं? मुद्दाम बोलणं त्याला जमत नाही असं अहवालात कुठे लिहिलंय का, ते शोधलं. लिहिलेलं नाही.

२३ मार्च, रविवार

डॉक्टरबाईंची वही टेबलावर राहिली, हा माझा निष्काळजीपणा. की मीच ठेवली? खरंच सांगता येत नाही.

धाकटा आईजवळ असलेल्या माझ्या घराच्या जुन्या किल्ल्या द्यायला आला होता. वहीवर स्वतःचं नाव बघून म्हणाला, “माझ्याबद्दल आहे?”

“हो.”

“मग मी वाचतो. पेन्सिल आहे?”

नाही म्हणायला कारण सापडेना. मी चहा टाकला, तो गार झाला, पुन्हा टाकला. पन्नास मिनिटं तो मान खाली घालून वाचत होता, मध्येच काहीतरी लिहीत होता. दाताला रंग देताना असतो तसा चेहरा. मग वही माझ्याकडे सरकवली.

एकूण सव्वीस नोंदी. बरोबर चार. त्यातली एक दाढेची.

खुर्चीवरच्या दिव्यापुढे लिहिलंय, ‘दिव्याची वायर तिथपर्यंतच पोचते.’ खोली बघून भारावला, त्यापुढे, ‘खोलीच्या भिंतीपलीकडे फ्रिज आहे. घुर्र आवाज किती वेळाने येतो ते मोजत होतो.’

कवळीच्या नोंदीपुढे अक्षर बारीक झालंय, कारण जागा पुरेना. ‘आईने सांगितलं होतं, दातांशिवाय माझं तोंड कोणाला दिसू देऊ नकोस. दोनदा सांगितलं होतं. लोक भेटायला येणार होते. त्याआधी बसवायची होती. बसवली.’

मला आठवलं, शेवटचं बघितलं तेव्हा आई छान दिसत होती. आत्यासुद्धा म्हणाली होती, झोपल्यासारखी दिसते. मी याचं श्रेय देवाला दिलं होतं.

“मला का नाही सांगितलंस?” मी विचारलं.

“तू विचारलं नाहीस. आणि कोणाला कळू नये असं तिला हवं होतं. आता तू लिहूनच ठेवलंस, म्हणून उत्तर द्यावं लागलं.”

आणि मग ती नोंद. जेवताना समोर कोणी नसतं, घास उतरत नसेल. त्यापुढे त्याने लिहिलंय, ‘मला उतरतो. तुला?’

“मला काय धाड भरलीय,” मी म्हटलं.

“ते उत्तर आहे का?”

“अरे, मी आपली रेडिओ लावून जेवते मस्त.”

तो टेबलाकडे बघत होता. “ताई, मी तुझ्याकडे राहायला यायचं ते माझ्यासाठी की तुझ्यासाठी?”

“तुझ्यासाठीच ना रे!”

“मग नको. मला माझी जागा हवी आहे.”

इतकं सरळ. इतके दिवस मी ज्याच्याभोवती घिरट्या घालत होते ते. हा प्रश्न मी त्याला एकदाही विचारला नव्हता की काय? विचारला असेल, असं अजूनही वाटतं. वहीत मात्र सापडला नाही.

“आणि माझ्यासाठी असेल तर?” हे माझ्या तोंडून कसं गेलं कोण जाणे.

“तर मला विचार करावा लागेल. अवघड आहे, पण करीन. तू मात्र तसं म्हणालेली नाहीस.”

“मग आता समज.”

“समजत नाही. सांग.”

मी उठून कप विसळले. दोन्ही कप. ते आधीच स्वच्छ होते, चहा प्यायलाच गेला नव्हता... नाही, चुकीचं लिहिलं, चहा त्यांत होता, मी तो ओतून दिला. तो दहा मिनिटं थांबला आणि गेला.

२५ मार्च, मंगळवार

लेकीला फोनवर सगळं सांगितलं. वाटलं, ती तरी माझी बाजू घेईल.

“आई, तू माझ्या खोलीचे पडदेही बदललेस?”

“तेवढंच ऐकलंस का तू?”

“पलंग पण सरकवलास! मला विचारायचं तरी.”

“तुला राग येणार नाही हे मला माहीत होतं.”

“मला राग आलाय, आई.” मग हसली. मग म्हणाली, “तू रोज सात वाजता फोन करतेस आणि म्हणतेस, तुला घरची आठवण येत असेल म्हणून केला. मला सात वाजता भूक लागलेली असते फक्त.”

मी असं म्हणते? रोज?

“मामा एक नंबर आहे,” लेक म्हणाली. “तो मला सरळ विचारतो, आत्ता बोलू की नंतर?”

फोन ठेवल्यावर वाटलं, लेक दुखावली आहे. मग वाटलं, मी दुखावले आहे. यातलं कुठलं आधी होतं ते सुटं करता आलं नाही.

२७ मार्च, गुरुवार

कामावर एक बाई नवव्या आणि दहाव्या मजल्याच्या मध्ये अडकल्या. मिस्त्री शहराच्या दुसऱ्या टोकाला. मी नेहमीचं सुरू केलं, घाबरू नका, दोनच मिनिटं.

“खरं सांगा हो,” त्या म्हणाल्या.

काय झालं कोण जाणे, मी खरं सांगितलं. “पस्तीस मिनिटं.”

मला वाटलं, आता रडतील. मग कपड्यांची सळसळ ऐकू आली. “बरं, मग खाली बसते. पुस्तक आहे माझ्याजवळ. तुम्ही फोन ठेवू नका, पण बोलूही नका.”

पस्तीस मिनिटं मी पानं उलटल्याचा आवाज ऐकत बसले. मध्ये एकदाच विचारलं, “रागावलात का?” म्हणाल्या, “नाही हो, बरं चाललंय. तुम्ही आहात ना?”

“आहे.”

यातून काहीतरी शिकावं असं ठरवत होते, तर पुढच्याच फोनवर एका गृहस्थांना खरी वीस मिनिटं सांगितली आणि त्यांनी मला अशा शिव्या घातल्या की शेजारच्या टेबलावरची मुलगी वळून बघायला लागली. म्हणजे खरं सांगावं की सांगू नये? आधी माणसाला विचारावं लागेल बहुतेक, की तुम्हाला खरं हवंय का. हे किती किचकट आहे! लोक एकमेकांशी बोलतात तरी कसे?

३१ मार्च, सोमवार

सकाळी घरमालकीणबाईंना फोन करून सांगितलं, भाऊ तिथेच राहणार आहे, भाडेपत्र आता त्याच्या नावाने करा. बाई म्हणाल्या, “बरं झालं बाई. गेल्या महिन्यात जिन्यातला दिवा बदलला त्यांनी, कोणी सांगितलंही नव्हतं.” मी म्हणणार होते, त्याचा स्वभावच तसा हळवा आहे. म्हटलं नाही. मला काय माहीत, त्याने दिवा का बदलला?

मग धाकट्याला फोन लावायचा होता. अकरा वाजता ठरवलं, पाच वाजेपर्यंत लावला नाही. अडकलेल्या हजारो माणसांशी मी बोलले असेन, पण फोन हातात घेऊन अशी बसले नव्हते कधी. काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं. तीन वाक्यं.

“आत्ता बोलू की नंतर?” मी विचारलं.

“आत्ता.”

“जागा तुझीच राहील. सकाळी बाईंना सांगितलं.”

“बरं.”

पुढचं वाक्य वाचायला मला वेळ लागला. त्याने घाई केली नाही. तो लाइनवर आहे एवढं कळत होतं.

“मला घरात एकटं वाटतं. सहा वर्षं वाटतंय.” हे दोन वाक्यांत झालं, कागदावर एकच होतं. “राहायला येऊ नकोस. पण आठवड्यातून एकदा माझ्याकडे जेवायला यावंस असं मला वाटतं. माझ्यासाठी.”

शांतता. या शांततेचा अर्थ काय लावावा? त्याला ओझं झालं असेल. दया आली असेल. फोन बाजूला ठेवून तो दुसरंच काही करत असेल. मी तोंड उघडणार होते, आणि हाताने ते दाबून धरलं, अक्षरशः.

“गुरुवारी,” तो म्हणाला. “सव्वासातला जेवू. नऊला निघेन. फ्रिज तेवढा वेळ बंद ठेवता येईल?”

“येईल.”

“बरं.”

“तुला आनंद होईल का यायला?” हे कागदावर नव्हतं.

त्याने खरंच विचार केला. तो विचार करतोय हे मला ऐकू आलं, किंवा आलं असं वाटलं.

“अजून माहीत नाही,” तो म्हणाला. “आल्यावर सांगतो.”